हिमनदीवरची घोरपड

घोरपडीने पुन्हा हिसका दिला आणि अरविंद तोडकर बर्फावर गुडघे टेकून बसले.

लागलं काही नाही. पण तळावरून निघून अजून फार वेळ झाला नव्हता, आणि एवढ्यात कितीतरी वेळा त्यांना असं बसावं लागलं होतं.

पुढे चाललेले बर्डे थांबले. "तोडकर, तुमची घोरपड तुम्हाला घडीघडी नमस्कार घालायला लावतेय. नवस बोलला होता का काही?"

"अहो, माणूस पडलाय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय," सुनंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"पडले कुठं? बसलेत."

"बसवलंय मला," तोडकर म्हणाले आणि काठीच्या आधाराने उठले.

प्रमोद बर्डे नगरकडचे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. तोडकर कराडचे, आयुष्यभर पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचा धंदा केलेले. दोघांची ओळख याच सहलीत, मनालीच्या हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत झाली होती. अख्ख्या सहलीतून हिमनदीवर चालायला हे तिघंच तयार झाले. बाकीची मंडळी खाली तळावरच्या तंबूत गरम भजी खात बसली होती.

घोरपड म्हणजे एक यंत्र, प्रत्येकाला एकेक दिलेलं. उंचीला गुडघ्याएवढं, लांबीला खाटेएवढं, सहा पायांचं. प्रत्येक पायाला पोलादी नखं. ते चालणाऱ्याच्या पुढे चालायचं आणि त्याच्या पाठीतून निघालेला दोर मागच्या माणसाच्या कमरपट्ट्याला बांधलेला असायचा. कंपनीने त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. घोरपड हे नाव मुक्ताने ठेवलं, आणि आता लाहौलचे स्थानिक वाटाडेही तेच म्हणत. "कड्याला चिकटून बसते आणि हिच्या दोराला धरून माणूस पार होतो. मग दुसरं काय म्हणायचं?" असं ती सकाळी सगळ्यांना हसून म्हणाली होती.

मुक्ता शिळीमकर त्यांची वाटाडी. भोरची मुलगी. सह्याद्रीतल्या कड्यांवर चढायला शिकली आणि गेली काही वर्षं उन्हाळ्यात थांगचू हिमनदीवर मराठी मंडळींना फिरवत होती. ती परत मागे आली आणि मनगटावरच्या पडद्याकडे बघत उभी राहिली.

"काका, बूट चावतायत का?"

"नाही."

"दम लागतोय? डोकं दुखतंय?"

"काही नाही. तुमचं हे जनावर मला उगाच ओढतंय. बेअरिंग गेलंय का बघा त्याचं."

"बेअरिंग ठीक आहे," मुक्ता म्हणाली. "तुमची चाल आणि तुमची नोंद जुळत नाहीये."

तिने पाण्याची बाटली काढली, सगळ्यांना दोन घोट प्यायला लावले आणि तेवढ्या वेळात समजावून सांगितलं. बर्डे आपल्याला सगळं आधीच माहीत असल्यासारखे मान हलवत होते.

हिमनद्या झपाट्याने वितळू लागल्यापासून त्यांच्यावरून चालणं बिकट झालं होतं. पूर्वी वाटाड्याला भेगा पाठ असत आणि ती माहिती हंगामभर पुरायची. आता काल जिथे घट्ट बर्फ होता, तिथे आज वरून पापुद्रा आणि खाली पोकळी. घोरपड पुढे जाताना खाली रडारच्या लहरी सोडायची आणि बर्फ किती जाड आहे ते बघत वाट काढायची. पण तेवढ्याने भागत नाही. माणूस घसरला तर त्याला धरायला हवं. पाय सुटल्यापासून माणूस पूर्ण कोसळेपर्यंत जेमतेम डोळ्याचं पातं लवतं. दोर तेवढ्यात ताठ व्हायला हवा. आणि तो प्रत्येक हालचालीला ताठ झाला, तर त्या ओढीनेच माणूस पडेल. म्हणजे खरं घसरणं कोणतं आणि त्या माणसाचं नेहमीचं चालणं कोणतं, हे घोरपडीला आधीच ठाऊक पाहिजे.

ते ठाऊक असायची सोय झालेली होती. गेली कित्येक वर्षं लोक मनगटावर घड्याळं बांधून चालत होते, आणि पाऊल केवढं पडतं, कोणत्या पायावर भार जास्त, दमल्यावर चाल कशी बदलते, याची त्या घड्याळांत नोंद होत होती. दोन माणसांची चाल सारखी नसते. हे कळल्यावर ओळख पटवायला बँकांनी आणि सोसायट्यांनी अंगठा सोडून चाल धरली. दारापुढच्या पाटीवरून चार पावलं टाकली की दार उघडायचं. घोरपड तीच नोंद वाचायची. तुमचं पुढचं पाऊल कसं पडणार याचा ती अंदाज बांधायची आणि पाऊल अंदाजाबाहेर पडलं की घसरणं समजून दोर खेचायची.

"म्हणजे मी माझ्या पायांनी चालत नाहीये, असं तिचं म्हणणं?" तोडकरांनी विचारलं.

"साधारण तसंच. नवीन ठिकाण, काटे लावलेले बूट, उंचावरची हवा. कधीकधी होतं. थोडं सावकाश चाला, तिला सवय होईल."

"आमच्या सोसायटीचं फाटकही असंच आहे," तोडकर म्हणाले. "बसवलं तेव्हापासून मला ओळखत नाही. मी दोनदा त्याला ग्रीस दिलं. कुणीतरी आतून येईपर्यंत उभं राहायचं."

"मग दोष तुमच्यात आहे," बर्डे म्हणाले. "फाटकही खोटं आणि घोरपडही खोटी, असं कसं होईल?"

सगळे पुन्हा चालू लागले.

ऊन चांगलं पडलं होतं. दोन्ही बाजूंना काळे उघडे डोंगर होते आणि मधून हिमनदी खाली उतरत होती. तोडकरांच्या मनात होती ती पांढरीशुभ्र दुलई. प्रत्यक्षात बर्फ मळका होता, वर खडी पसरलेली, जागोजागी पाण्याचे पाट वाहत होते. बुटांच्या काट्यांखाली तो खडीसाखरेसारखा फुटत होता. तोडकरांना हे सगळं बघायची हौस नव्हती. हौस कुंदाची होती.

कुंदा म्हणजे त्यांची बायको. तिने कुठल्यातरी व्हिडिओत थांगचूवरचा निळा आड पाहिला होता. हिमनदीच्या अंगावरून वाहत आलेलं पाणी एका जागी गोल भोक पाडून सरळ आत उतरतं. विहिरीसारखं खोल, आणि कडा आतून निळ्या. "पाणी बर्फातच जातं, आणि पुढं कुठं जातं ते कुणाला नीट सांगता येत नाही," असं ती भाजी निवडता निवडता कितीदा तरी म्हणाली असेल. सहल तिनेच ठरवली. हिमनदीवर चालायला दम पाहिजे म्हणून कॉलनीच्या बागेत रोज फेऱ्या मारायला लागली. तोडकर येणार होते ते खाली तंबूत बसायला. तसं ठरलेलंच होतं. "मी बघून येते, तुम्ही भजी खा."

फाल्गुनात एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. सहलीच्या कंपनीचा फोन आला तेव्हा तोडकर दोन्ही नावं रद्द करा म्हणणार होते. एकच करा म्हणाले. का म्हणाले, ते त्यांना अजून नीट कळलं नव्हतं. एवढं खरं की तिच्या वाटचा आड बघायचा राहून गेला होता आणि तो बघून येणारं दुसरं कुणी नव्हतं.

चालता चालता पुढे घोरपड थांबली.

या वेळी हिसका नव्हता. तिने सहाही पाय बर्फात रोवले, दोर सैल सोडला आणि ती स्वस्थ उभी राहिली. समोर भेग नव्हती, पाणी नव्हतं. तोडकर थांबले. थोड्या वेळाने ती आपण होऊन पुढे निघाली.

"काका, थांबायचं होतं का तुम्हाला?" मुक्ताने विचारलं.

"नाही बुवा."

पुढे काही अंतर गेल्यावर पुन्हा तेच. पाय रोवले, दोर सैल, वाट बघत उभी. मग निघाली. तिसऱ्या वेळी मुक्ता हसली.

"हे तुमच्या नोंदीतच आहे, काका. मी आत्ता पाहिलं. ठरावीक अंतर चाललात की तुम्ही थांबता. थोडा वेळ उभे राहता, मग निघता. रोज तसंच. म्हणून ती तुमच्यासाठी थांबते."

"मी कशाला थां..." तोडकर म्हणाले आणि तिथेच गप्प झाले.

त्यांच्या डोळ्यांपुढे कॉलनीतली बाग आली. गोल वाट, फाटकाजवळचा बाक, बाकावर ते आणि त्यांचे दोन दोस्त, आणि चहावाल्याची किटली. हैदराबादहून मुलीने आईबाबांना एकेक घड्याळ पाठवलं होतं आणि रोज रात्री दोघांची पावलं तपासायचा तिचा नेम होता. तोडकरांना चालायचा कंटाळा. यावर कुंदाने एक तोड काढली. तिने त्यांचं घड्याळही आपल्याच हाताला बांधायला सुरुवात केली. एका मनगटावर दोन घड्याळं बांधून ती फेऱ्या मारायची. प्रत्येक फेरीला बाकासमोर थांबायची, पदराने घाम पुसायची आणि हात वर करून दाखवायची. "ही तुमचीही झाली बरं का." दोस्त हसायचे. तोडकर म्हणायचे, "माझ्या अजून दोन मार, पोरगी खूश होईल." आणि मुलगी खरंच खूश व्हायची. बाबा, शाबास, म्हणायची.

दोन वर्षं हे चाललं. ती गेल्यावर घड्याळ कपाटात पडून होतं. या सहलीसाठी सक्तीचं म्हणून त्यांनी ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताला बांधलं होतं.

त्यांच्या नावावर जी नोंद होती, तिच्यात त्यांचं एक पाऊलही नव्हतं. फाटक बरोबर होतं. घोरपडही बरोबर होती. ती पुढे उभी होती आणि कुंदाची वाट बघत होती.

"काय झालं, काका?" मुक्ताने विचारलं.

"काही नाही. चला."

चालणं मात्र त्यांनी बदललं. आधी पाऊल आखूड टाकून पाहिलं. हिसका बारीक झाला. मग जरा भरभर. आणखी बारीक. उजवा पाय किंचित बाहेर टाकायची कुंदाला सवय होती, ते आठवलं, तसा टाकला. मोटार भरून झाली की ते चालू करून वर तळहात ठेवायचे. आत कुठे तार सैल असेल तर थरथर हाताला कळायची. तसंच आता कमरेला लागलेल्या दोरावरून त्यांना कळत होतं. इथे चुकलं. इथे थोडं जुळलं. आता जुळलं.

दोर शांत झाला. मध्ये नुसता झोळ घेऊन लोंबत राहिला.

इतक्या वर्षांच्या संसारात दोघं एका चालीने कधी चालले नव्हते. बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात, कुठेही ते पुढे आणि ती मागे. पुढे जाऊन कोपऱ्यावर उभं राहायचं आणि ती आली की "किती वेळ" म्हणायचं. एवढंच पाऊल पडत होतं तिचं. एवढ्याशा पावलांनी ती दोघांच्या वाट्याचं चालत होती. अंतर भरलं की घोरपड थांबायची, तेही थांबायचे, आणि पुन्हा निघायचे. बर्डे काहीतरी तलाठ्याच्या नोकरीतले किस्से सांगत होते. तोडकरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. फाल्गुनापासून एवढं बरं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

ते बर्फाच्या पुलापाशी आले.

हिमनदी तिथे आडवी फाटली होती. भेग कितीतरी खोल, आणि तिच्यावर एका ठिकाणी बर्फाची कमान राहिली होती. रुंदीला बैलगाडी जाईल एवढी. पलीकडे थोडं चढून गेलं की निळा आड. पाणी आत कोसळल्याचा आवाज अलीकडेही येत होता.

मुक्ताने बर्ड्यांचे पट्टे तपासले आणि मग ती तोडकरांजवळ आली.

"काका, तुम्हाला असं नेता येणार नाही."

"का? आता तर ओढत नाही ती."

"मी बघत होते. तुम्ही जुळवून चालताय. सपाटीवर ते चालतं. पुलावर पाय घसरला तर माणूस काही जुळवून घेत नाही, तो आपल्याच पायाने घसरतो. आणि तुमचा पाय तिला माहीत नाही. ती चुकीच्या वेळी ओढेल आणि तुम्हाला कडेला नेईल."

"मग?"

"सोपं आहे. जुनी नोंद काढते आणि इथंच नवी भरते. या सपाटीवर थोडा वेळ मनासारखं चाला, तेवढं पुरतं."

"जुनी कुठं जाते?"

"कुठं जात नाही. पुसते."

तोडकर म्हणाले, "तिची एक प्रत काढून ठेवता येणार नाही?"

"चालीची प्रत काढता येत नाही, काका. चालीवर बँका उघडतात. मध्यंतरी मेलेल्या माणसांच्या चालीवर लोकांनी लॉकर उघडले, तेव्हापासून कायदाच आहे. एका माणसाची एकच नोंद. माणूस गेला की तीही बंद."

"ठाऊक आहे. हिची तशीच बंद झाली. मृत्यूचा दाखला दिला त्याच आठवड्यात."

मुक्ताने त्यांच्याकडे पाहिलं. तोडकरांनी घड्याळावर हात ठेवला आणि सरळ सांगून टाकलं. दोन घड्याळं, बाग, फेऱ्या. सांगायला दोनचार वाक्यंच लागली.

मुक्ताने घोरपडीकडे पाहिलं. "म्हणजे ती थांबत होती, ते काकूंचं..."

"हो."

"खरं म्हणजे हे मला कळल्यावर मी कळवायला पाहिजे."

"कळवा."

"मी काही ऐकलेलं नाही," ती म्हणाली. "नोंद तुमच्या नावावर आहे. तुम्हाला ठेवायची तर ठेवा. पण मग पुलावर नाही. कायदा राहू दे बाजूला, मी तुम्हाला मरायला नेणार नाही. आम्ही आड बघून येतो, तोवर तुम्ही इथं बसा. मी तुम्हाला आडाचा व्हिडिओ काढून आणते."

"व्हिडिओ तिने पाहिलेला होता," तोडकर म्हणाले.

पण ते बसले. एका सपाट दगडावर. घोरपड त्यांच्यापुढे पाय रोवून उभी राहिली. तिचं काय, ती दिवसभर उभी राहील. घरी गेल्यावर फाटकापुढे उभं राहावं लागेल, राहू. कधीतरी अशी दुसरी कुठली तरी घोरपड मिळेल, सपाट जागेवर, आणि पुन्हा तो दोर तसा शांत लोंबेल. कुंदाचं एवढंच उरलं होतं. कपडे मुलीने आश्रमात दिले. फोटोत ती नेहमी ताठ उभी असायची, फोटोतली कुंदा त्यांना कधी खरी वाटली नाही. ही चाल खरी होती. ती पुसायची म्हणजे तिला आपल्या हाताने दुसऱ्यांदा पोचवायचं. आणि कशासाठी, तर एका भोकात पाणी पडताना बघायला.

पुलाकडे निघालेल्या सुनंदाबाई मागे फिरल्या. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, नुसतं एवढंच दिसलं की एक माणूस मागे राहतोय. त्यांनी थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि तोडकरांच्या हातात दिला.

"घ्या. आम्ही येतोच बघून. तुम्ही निवांत चहा प्या."

त्या पुलाकडे गेल्या. तोडकर हातातल्या चहाकडे बघत राहिले. वाफ येत होती. समोर दोन माणसं चालायला निघाली होती आणि ते बसून होते, हातात चहा घेऊन. कुंदाने आडासाठी चालून ठेवलं होतं. त्यातल्या सगळ्या फेऱ्या त्यांच्याही नावावर होत्या. त्या जपून ठेवायच्या आणि आडापर्यंत जायचं नाही, म्हणजे पुन्हा बाकावरच बसणं झालं.

त्यांनी चहा पिऊन टाकला.

"मुक्ता, थांबा," ते म्हणाले. "मी येतो. भरा नवी."

"नक्की?"

"आता विचारू नका. विचारलं तर नाही म्हणेन."

मुक्ताने पडद्यावर बोट फिरवलं. तिने दोनदा खात्री विचारणारी पाटी बघितली आणि दोन्ही वेळा तोडकरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. घोरपडीचा एक दिवा हिरव्याचा पिवळा झाला. बाकी काही झालं नाही.

"चाला आता. कुणासारखं नको. तुमच्यासारखं."

ते चालले. लांब, जड पावलं, डाव्या गुडघ्यात जरा आखडलेली. आयुष्यभर दुकानात उकिडवं बसून आखडलेला गुडघा. घोरपड आधी गोंधळली, दोर सारखा ताठ-सैल होत राहिला. मग कमी. मग आणखी कमी. ठरावीक अंतर चालून झालं, तेव्हा तोडकरांचं लक्ष तिच्या पायांकडे होतं. ती थांबली नाही. सरळ पुढे गेली. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि चालत राहिले.

"झालं, काका," मुक्ता शेवटी म्हणाली. "आता तुमच्या घरचं फाटकही उघडेल."

पुलावर बर्डे पुढे होते. मध्यावर आल्यावर त्यांचाही किस्सा थांबला. दोन्ही अंगांना निळं-काळं खोल होतं आणि खालून गार वारा येत होता. तोडकर पुलाच्या पलीकडच्या टोकाशी पोचत आले असताना त्यांचा डावा पाय वितळलेल्या बर्फावरून सरकला. गुडघा नेहमीसारखा आखडला आणि अंग कडेकडे गेलं. ते पडायला लागण्याआधीच दोर ताठ झाला. हिसका नाही, ओढ नाही. नुसतं कुणी कमरेला धरून ठेवावं तसं. त्यांनी पाय पुन्हा टेकला आणि पार झाले.

"बघा," मुक्ता मागून म्हणाली. "मघाची नोंद असती तर..."

निळा आड बघायला पोटावर झोपावं लागत होतं. मुक्ताने एकेकाचे पाय धरून त्यांना काठापर्यंत सरकवलं. तोडकर शेवटचे गेले. पाण्याचा पाट वळण घेऊन आत शिरत होता आणि गोल गोल फिरत खाली जात होता. वर कडा आकाशी, मग निळ्या, मग गर्द, आणि त्याच्याखाली काहीच दिसत नव्हतं. आवाज मात्र खोलवरून येत होता. ते बराच वेळ पडून राहिले. पोटाखालचा बर्फ गार लागायला लागला तरी उठले नाहीत.

"असं असतं होय," बर्डे म्हणाले.

"हिला आवडलं असतं," तोडकर म्हणाले. "आणि घरी जाईपर्यंत हेच बोलत राहिली असती."

"वहिनी का?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"हो. तिच्यासाठीच आलो होतो."

सुनंदाबाईंनी उठताना त्यांना हात दिला.

परतताना पूल नीट पार झाला. मुक्ताने त्यांचा दोर तपासून पुढे जायला सांगितलं. सपाटी आली. ऊन कलायला लागलं होतं आणि बर्फावर सगळ्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. बर्डे आता आडाचा किस्सा रचायला लागले होते. घोरपड तोडकरांच्या पुढे एका लयीत चालली होती, त्यांच्या जड पावलांच्या लयीत. दिवसभरात प्रथमच तिचं आणि त्यांचं पटलं होतं.

चालता चालता तोडकरांनी पाऊल आखडलं. हलकं आणि भरभर, उजवा पाय किंचित बाहेर. सकाळी जमलं होतं तसं. दोनच पावलं टाकली असतील.

दोर ताठ झाला. घोरपडीने सहाही पाय बर्फात रोवले आणि कमरेला घट्ट धरलं. तिच्या हिशेबी माणूस घसरला होता.

"काका, ठीक आहात ना?" मुक्ता मागून ओरडली.

"ठीक आहे," तोडकर म्हणाले. "घसरलो नाही."

पण ते पुढे निघाले नाहीत. घोरपडीने धरलं होतं, आणि त्यांनी तिला थोडा वेळ धरू दिलं.